मचाणाची कुळकथा

मेळघाटातल्या एखाद्या पाणवठ्याकाठी, अर्जुनाच्या नाहीतर ऐनाच्या झाडावर, जमिनीपासून बारा-पंधरा फुटांवर बल्ल्यांचा एक ओटा बांधलेला असतो. चढायला शिडी, तीन बाजूंना पानाफांद्यांचा आडोसा, चौथी बाजू पाण्याकडे उघडी. बुद्धपौर्णिमेच्या दिवशी ऊन कलायच्या आत तिथे माणसं चढतात आणि दुसरा दिवस उजाडेपर्यंत गप्प बसून राहतात. जवळ दुर्बीण, वही आणि पाण्याची बाटली. साठ-सत्तर वर्षांपूर्वी अशाच ओट्यावर असाच गप्प बसणारा माणूस मांडीवर भरलेली बंदूक घेऊन बसायचा. मचाणाची सारी कुळकथा या दोन माणसांमधल्या अंतराची आहे. बंदूक गेली आणि बसणं राहिलं. ते राहिलं, कारण मचाणावरचं खरं सुख पहिल्यापासून त्या बसण्यातच होतं.

मचाणाचा मूळपुरुष शेतात सापडतो. ज्वारी हुरड्यात आली की शेतात माळा उभा राहतो. चार मेढी, त्यांवर आडव्या बल्ल्या, ऊन लागू नये म्हणून वर कडब्याचं छप्पर. दिवसा माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकायची आणि रात्री रानडुकरांवर, हरणांवर लक्ष ठेवायचं. विदर्भात या रात्रपाळीला ‘जागल’ म्हणतात. राखणीचं काम किती जुनं आहे, ते साहित्यात दिसतं. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त उसाच्या सावलीत बसून भाताचं शेत राखणाऱ्या बायका रघूची कीर्ती गातात. महाराष्ट्री प्राकृतातल्या ‘गाथासप्तशती’तही शेतराखणी भेटतात. रात्र रात्र जागणाऱ्या या माणसांना कोणतं जनावर कोणत्या वाटेनं येतं, वारा कुठून वाहत असला की ते बुजतं, चांदणं मावळल्यावर किती वेळानं कळप आत शिरतो, हे सगळं ठाऊक असे. रानाचं हे ज्ञान जिवंत राहण्यासाठी लागणाऱ्या धान्याबरोबर पिकलं. पुढे शिकाऱ्यांनी मचाण उचललं, तेव्हा हे ज्ञानही त्यांना शेतकऱ्यांकडून आणि आदिवासींकडूनच मिळालं.

राजांच्या शिकारीचा बाज निराळा होता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या विनोदांमध्ये, म्हणजे रंजनाच्या प्रकारांमध्ये, मृगयेला मानाची जागा आहे आणि तिच्या कितीतरी तऱ्हा वर्णिल्या आहेत. राजपुतान्यातल्या राजांनी मचाणाला दगडी रूप दिलं. मेवाडच्या डोंगरांत त्यांनी बांधलेल्या ‘ओदी’ आजही उभ्या आहेत: जाड भिंती, झरोके आणि समोर जनावरांची वाट. काठ्यांचं मचाण एका हंगामापुरतं असतं. ओदी पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी राहिली.

इंग्रजी अमलात, लांब पल्ल्याच्या रायफली आल्यावर, मध्य हिंदुस्थानातल्या रानांत मचाणाचा सुकाळ झाला. तेव्हा मचाणावर बसण्याच्या दोन रीती होत्या. पहिली हाक्याची. हाकारे डबे-ढोल बडवत रान उठवायचे आणि बिथरलेलं सावज मचाणापुढून जायचं. तिथे गडबड, आरडाओरडा आणि काही क्षणांचा थरार असे. दुसरी रीत भक्ष्यावर बसण्याची. वाघानं मारलेल्या गुरापाशी, किंवा रेडकू बांधून ठेवलेल्या जागी, झाडावर एकट्यानं नाहीतर दुकट्यानं दडून राहायचं. मचाणाचं शास्त्र या दुसऱ्या रीतीत घडलं.

ते शास्त्र बारकाव्यांचं होतं. झाड निवडताना वाघ ज्या बाजूनं येण्याचा संभव आहे, ती बाजू आधी पाहायची. पुष्कळदा गावातली सुतळीची बाज उलटी करून फांद्यांना बांधली की झटपट मचाण तयार होई. बल्ली करकरू नये म्हणून सांधे चोळून, आवळून पाहायचे. आडोशाला त्याच झाडाच्या फांद्या लावायच्या, कारण दुसऱ्या झाडाची पानं सुकली की रंगावरून ओळखू येतात. मचाण बांधणाऱ्यांनी निघून जाताना मोठ्यानं बोलत जायचं, म्हणजे माणसं गेली असं जनावराला वाटतं. वाघाला वरून धोका नसतो, म्हणून तो सहसा मान वर करून पाहत नाही, असा शिकाऱ्यांचा अनुभव होता. उंचीमुळे माणसाचा वासही जमिनीलगत फार पसरत नाही. एवढं सगळं झाल्यावर उरे ती सगळ्यांत अवघड गोष्ट, न हलण्याची. खोकला दाबायचा, डास चावू द्यायचे, अवघडलेला पाय तसाच ठेवायचा, विडीचं नाव काढायचं नाही.

शिकाऱ्यांना रानात जी शांती लाभली, तिचं मूळ मला या न हलण्यात दिसतं. माणूस थांबला की रान पुन्हा चालू होतं. तासाभरात मोर उतरतात, चितळं कान टवकारत पाण्याशी येतात, वानरं झोपायच्या झाडावर जागेसाठी भांडतात. अंधार पडला की रातव्याचा टुक-टुक आवाज सुरू होतो. सांबराची एकच दमदार ‘ढाँक’ ऐकू येते आणि सगळं रान कान देतं. अशा वेळी मनातले हिशेब, भांडणं, उद्याची कामं आपोआप मागे पडतात, कारण सगळं चित्त कानांत आणि डोळ्यांत गोळा झालेलं असतं. ध्यानाला बसणारा माणूस हेच साधायला पाहतो. शिकाऱ्याला ते वाघाच्या ओढीनं साधलं, म्हणून त्याचा अनुभव खोटा ठरत नाही.

जिम कॉर्बेटच्या पुस्तकांचं सामर्थ्य यातच आहे. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यानं सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसं मारली होती. कॉर्बेटनं त्याला १९२६ च्या मे महिन्यात गुलाबराय इथे, यात्रेकरूंच्या वाटेवरच्या आंब्यावर बांधलेल्या मचाणावरून टिपलं. त्या कथेत गोळीला दोन ओळी पुरतात. पानंच्या पानं भरतात ती रात्री, वाटा, पाखरांच्या आणि जनावरांच्या हाका. याच काळात संयुक्त प्रांतातला वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यानं रानवाटेवर तार ताणून, जनावराचा पाय लागताच उजेड पडेल आणि छायाचित्र निघेल अशी सोय केली. १९२७ मध्ये त्याचं वाघांच्या रानातल्या कॅमेऱ्याविषयीचं पुस्तक प्रसिद्ध झालं. जनावर जिवंत राहूनही ते मिळवल्याचा आनंद घेता येतो, हे त्यानं दाखवून दिलं.

आफ्रिकेत मचाणानं आणखी एक पाऊल टाकलं. केनियातल्या न्येरीजवळ १९३२ मध्ये एका प्रचंड उंबरवर्गीय झाडावर ‘ट्रीटॉप्स’ हे छोटं विश्रामगृह बांधलं गेलं. पाणवठा आणि खारी माती खाली, पाहुणे वर, आणि काम फक्त पाहण्याचं. फेब्रुवारी १९५२ मध्ये राजकन्या एलिझाबेथ तिथे एक रात्र राहिली. त्याच रात्री तिचे वडील वारले आणि सकाळी झाडावरून उतरली ती इंग्लंडची राणी. त्या रात्री तिच्यासोबत म्हातारा कॉर्बेट होता. ज्याची मचाणावरची हयात नरभक्षकांची वाट पाहण्यात गेली, त्यानं शेवटच्या दिवसांत मचाणावरून केवळ रान दाखवलं. यावर त्यानं लिहिलेलं ‘ट्री टॉप्स’ हे त्याचं अखेरचं पुस्तक.

पण या शांतीच्या गोष्टी सांगताना एक हिशेब लपवता येणार नाही. रानाच्या सौंदर्यानं भारावलेल्या याच माणसांच्या काळात वाघ झपाट्यानं संपत होते. सरगुजाच्या महाराजांनी आपण हजाराहून अधिक वाघ मारल्याचं सांगितलं होतं. १९७२ च्या देशव्यापी गणनेत अवघे १८२७ वाघ भरले. शिकाऱ्याला मिळालेली शांती खरी होती, आणि तिची किंमत रानानं मोजली, हेही तितकंच खरं आहे. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि मेळघाट त्याच्या पहिल्या नऊ जागांत आला. राजेरजवाड्यांची शिकारीची रानं अभयारण्यं झाली: कोल्हापूरकरांचं दाजीपूर, जंजिऱ्याच्या नवाबाचं फणसाड.

मचाण मात्र मोडलं नाही. त्याला नवं काम मिळालं. प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शेलरनं १९६३ ते १९६५ या काळात कान्हाच्या रानात राहून वाघांचा आणि हरणांचा अभ्यास केला आणि भक्ष्यावरच्या वाघाला पाहत रात्री काढल्या. मराठीत मारुती चितमपल्लींनी रानातलं हे दडून पाहणं घराघरांत पोचवलं, आणि व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’ लिहून एका रानाचा मुक्काम वाचकाला घडवला. वनखात्यानं उन्हाळ्यातल्या पौर्णिमेला पाणवठ्यांवरच्या मचाणांवरून जनावरं मोजायची प्रथा पाडली. मे महिन्यात नाले आटतात, मोजकेच पाणवठे उरतात, जनावरांना तिथे यावंच लागतं आणि चांदण्यात ती दिसतात. स्वयंचलित कॅमेऱ्यांनी वाघ मोजण्याची पद्धत रुळल्यावर या रात्रीचं शास्त्रीय महत्त्व ओसरलं. तरी महाराष्ट्रात ती थांबली नाही. ‘निसर्गानुभव’ या नावानं ती चालू राहिली. मोजणीची गरज सरली, बंदूक तर केव्हाच गेली होती, आणि तरी लोक मचाणावर चढतात. या वस्तूचा गाभा काय होता, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

या परंपरेचं आपण काही देणं लागतो. मचाणावर जाल, तेव्हा मळके कपडे घाला, अत्तर घरी ठेवा, फोन बंद करा. सकाळी खाली उतरणाऱ्याला ‘वाघ दिसला का?’ एवढंच विचारू नका. अस्वल किती वेळ पाणी प्यालं, चौसिंगा कितीदा बिचकून मागे फिरला, तेही विचारा. आणि रानालगतच्या गावातून परतताना शेतातल्या माळ्याकडे पाहा. तिथे आजही कोणीतरी जागलीला बसतो. त्याचं पीक रानडुकरं आणि नीलगायी खातात, आणि तरीही ते रान त्याच्या शेजारी उभं आहे. त्याला नुकसानभरपाई वेळेवर मिळावी, यासाठी शहरातल्या निसर्गप्रेमींनी आवाज उठवला पाहिजे. मचाणावर बसायला आपल्याला त्याच्या पूर्वजांनी शिकवलं.