पालापाचोळा जाळायचा की नाही? अकोल्यातला राब आणि एक जुना वाद

अंगणातला पालापाचोळा झाडून एका कोपऱ्यात पेटवून द्यायचा, ही सवय शहरात आता नियमाविरुद्ध आहे. २००० सालच्या घनकचरा नियमांत वाळलेली पानं जाळायला मनाई होती. २०१६ च्या नियमांनी बागेतला कचरा वेगळा ठेवायला सांगितला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. अहिल्यानगर शहरात २००३ पासून महानगरपालिका आहे. हे नियम अर्थातच तिलाही लागू झाले.

आता समजा, तुम्हाला या विषयाचा इतिहास लिहायचाय. सुरुवात कुठून कराल? बहुतेक जण १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्यापासून करतील. पण याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात गेलात तर बरंच मागे जावं लागतं.

तिथल्या घाटपट्ट्यात पाऊस मुसळधार आणि जमीन उताराची. भात आणि नाचणीची रोपं आधी छोट्या तुकड्यात वाढवायची आणि मग लावायची. तो तुकडा उन्हाळ्यात भाजून घेतात: शेण, झाडांच्या टाहाळ्या, पालापाचोळा, गवत यांचे थर लावायचे, वर थोडी माती पसरायची, म्हणजे आग धुमसत राहते. हाच राब. महादेव कोळी, ठाकर आणि इतर शेतकऱ्यांसाठी राब भाजणं म्हणजे कचऱ्याची विल्हेवाट नव्हती, वर्षाच्या पिकाची ती पहिली पायरी होती.

१८७८ च्या वन कायद्यानंतर मुंबई इलाख्यात राखीव जंगलं वाढली आणि प्रश्न उभा राहिला: राबासाठी टाहाळ्या तोडायच्या कुठून? वाद सगळ्यात जास्त पेटला तो घाटाखाली, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत. लोकांच्या तक्रारी एवढ्या वाढल्या की सरकारने १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. वनखात्याचं म्हणणं, टाहाळ्या तोडून झाडं खुंटतात आणि जंगल उजाड होतं. शेतकऱ्यांचं म्हणणं, राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर भात नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या भांडणात धूर हा मुद्दाच नव्हता. आग लावू नका असं कोणी म्हणत असेल, तर ते फुप्फुसांच्या काळजीने नव्हे. झाड कोणाचं, हा प्रश्न होता. पान तेच, काडी तीच, पण सरकार तिथे आलं ते मालक म्हणून. शहरात शंभरेक वर्षांनी ते आलं आरोग्याचा रखवालदार म्हणून.

दुसरी गंमत विज्ञानाची. राब म्हणजे अडाणी नासाडी, असं मानणारे अधिकारी होते. पण शेतीखात्याने लोणावळ्याला प्रयोग केले, आणि इंग्लंडहून आलेल्या व्होल्करने १८९३ च्या अहवालात राबाची गंभीरपणे दखल घेतली. १९१२ मध्ये हॅरल्ड मान, जोशी आणि कानिटकर यांनी राबावर स्वतंत्र निबंध छापला. फायदा नुसत्या राखेचा नाही, माती तापल्यामुळेही तिच्यात बदल होतो, असं त्यांना दिसलं. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडला माती तापवण्याचे प्रयोग चालू होते, तोच हा काळ. म्हणजे शेतकऱ्याच्या सवयीमागे कारण होतं. ते प्रयोगशाळेला उशिरा सापडलं.

याचा अर्थ शहरात पानं जाळायला हरकत नाही, असा मात्र काढू नका. दाट वस्तीत त्या धुराचा त्रास शेजारच्या लहान मुलांना आणि दमेकऱ्यांना होतो, आणि त्या आगीतून भाताचं रोपही उगवत नाही. शहरातल्या पानांचं खत होऊ शकतं. पण ‘पानं जाळणं’ हे एकच लेबल दोन्हीकडे चिकटवलं, तर राबावर पोट असलेला माणूस आणि कोपऱ्यात ढीग पेटवणारा सोसायटीचा रहिवासी एकाच खणात बसतात. नियम करणाऱ्यांकडून हे होतं. आपल्याकडून होऊ नये.

सिनॉप्सिस लिहिताना तीन गोष्टी करून बघा. एक, आजचा शब्द घेऊन जुनी कागदपत्रं चाळू नका. ‘प्रदूषण’ शोधाल तर १८८५ च्या दप्तरात काही मिळणार नाही. ‘राब’, ‘टाहाळ’, ‘वनहक्क’ शोधा. नगरपालिकेच्या जुन्या ठरावांत ‘खत’, ‘झाडलोट’, ‘आरोग्य’ ही सदरं बघा. दोन, प्रत्येक बंदीच्या वेळी विचारा: सरकार इथे कोणत्या नात्याने बोलतंय? तीन, बंदी आल्यावर त्या माणसाला पर्याय काय दिला, त्याची नोंद शोधा. ती नोंद सापडली नाही, तर तेही लिहून ठेवा. बऱ्याचदा खरा संशोधन प्रश्न तिथेच असतो.