न दुखणारा चट्टा

आमच्या पलूसकडे अंगावर पांढरा डाग दिसला, की माणसे दबक्या आवाजात ‘महारोग’ म्हणत. मी वर्गात मुलांना सांगतो, कोडाच्या पांढऱ्याशुभ्र डागाला स्पर्श कळतो. कुष्ठाचा फिकट वा तांबूस चट्टा बहुधा बधिर असतो. डॉक्टर त्यावर कापसाचे टोक फिरवतात, कोपरामागची नस जाड झाली आहे का ते चाचपतात.

१८७३ साली नॉर्वेत हॅन्सेनने या रोगाचे जंतू पाहिले. तरी १८९८ च्या मूळ कायद्याने व्रण पडू लागलेल्यालाच महारोगी ठरवले, आणि तो भीक मागताना दिसला तर वॉरंटावाचून धरायची मुभा पोलिसांना दिली! व्रण तर मागाहूनचे. बधिर बोट चुलीशी भाजले तरी कळत नाही, तिथून जखम चिघळते. संसदेने हा कायदा रद्द केला तो २०१६ साली. गोळ्यांनी रोग बरा होऊ लागल्याला तोवर कित्येक वर्षे लोटली होती.