पेट्रोलियम इंजिनिअरचा पगार: आकड्यात कोण आहे, कोण नाही?

2014 च्या सुमारास अमेरिकेतल्या जास्त पगाराच्या पदव्यांची कुठलीही यादी उघडली, की पेट्रोलियम इंजिनिअरिंग वरच दिसायचं. तिथल्या कामगार आकडेवारी ब्युरोनुसार मे 2014 मध्ये पेट्रोलियम इंजिनिअरचा मध्यक पगार वर्षाला 1,30,050 डॉलर होता. आता गंमत बघा. 2016 च्या सुरुवातीपर्यंत कच्चं तेल पिंपामागे शंभरावरून तिसाच्या खाली आलं, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. आणि मे 2016 चा मध्यक? 1,28,230. जेमतेम हलला!

कारण हा मध्यक त्या पदावर टिकलेल्यांचा आहे. पदवी हातात आहे पण नोकरी नाही, किंवा नाइलाजाने दुसरंच काम धरलंय, असा मुलगा या आकड्यात येतच नाही. हाच तो निवड-दोष. 'पदवीची कमाई' मोजायची असेल तर छेदात सगळे पदवीधर हवेत.

दुसरी भानगड वेळेची. आजचा पगार बघून प्रवेश घेतला तरी पदवी चार वर्षांनी. रिचर्ड फ्रीमन यांनी 1976 मध्ये इंजिनिअरांच्या बाबतीत हे 'कॉबवेब' म्हणजे कोळ्याच्या जाळ्याचं मॉडेल मांडलं: टंचाई, चढे पगार, प्रवेशांची झुंबड, मग गर्दी. 2004 मध्ये र्यू आणि रोझेन यांनी ते खोडायचा प्रयत्न केला. विद्यार्थी पुढचा अंदाज घेऊनच निवडतात, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही पेपर सलग वाचा, मजा येते. मला स्वतःला वाटतं, तेलाच्या भावाचा चार वर्षं पुढचा अंदाज भल्याभल्यांना येत नाही, तिथे बारावीच्या वयाच्या मुलाला कुठून येणार?

आता कर्ज. 1986 मध्येही तेल असंच कोसळलं होतं, काही महिन्यांत भाव निम्म्याहून खाली. मग तेव्हाचा पदवीधर आणि 2016 चा पदवीधर सारखेच अडकले का? नाही, कारण मधल्या काळात कायदा बदलला. 1976 च्या नियमानुसार सरकारी शैक्षणिक कर्जाची परतफेड सुरू होऊन पाच वर्षं झाली, की दिवाळखोरीत ते इतर कर्जांसारखं माफ होऊ शकायचं. 1990 मध्ये पाचाची सात वर्षं झाली. 1998 मध्ये ती वाटच बंद केली. उरला तो फक्त अतोनात हलाखी कोर्टात सिद्ध करण्याचा मार्ग. (1998 मध्येही तेल तळाला होतं. निव्वळ योगायोग, यावर थिअरी बांधू नका!)

पण लगेच '2016 वाल्यांचं जास्त वाईट झालं' असं लिहून मोकळे होऊ नका. मधल्या काळात उत्पन्नाच्या प्रमाणात हप्ता भरायची सोयही आली. शिवाय पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला स्वतःच्या नावावर पदवीसाठी सरकारी कर्ज एकूण 31,000 डॉलरपर्यंतच मिळायचं. मध्यक पगारापुढे ही रक्कम किरकोळ. मात्र हा भागाकार करताना वर कर्ज घेणाऱ्या सगळ्यांचं कर्ज आणि खाली फक्त टिकलेल्यांचा पगार येत नाही ना, तेवढं तपासा.