मूडलवर शिकवायचं कसं? शिक्षकांच्या एलएमएस प्रशिक्षणाची सोपी माहिती

कॉलेजने एखाद्या अ‍ॅपचं लॉगिन दिलंय, पण आत गेलं की नुसती पीडीएफची रांग दिसते, हा अनुभव तुमच्यापैकी बऱ्याच जणांना असेल. अ‍ॅप चांगलं, शिकवणारेही चांगले, तरी विषय डोक्यात शिरत नाही. कारण ऑनलाइन शिकवणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते शिकावंच लागतं. शिक्षकांना ते कसं शिकवायचं, हे आज आपण मूडलच्या उदाहरणावरून पाहू. तुम्ही विद्यार्थी असा, बी.एड. करत असा किंवा नुकतेच शिकवायला लागलेले असा, ही माहिती उपयोगी पडेल.

एलएमएस म्हणजे काय?

एलएमएस म्हणजे लर्निंग मॅनेजमेंट सिस्टिम. धडे, गृहपाठ, चाचण्या, चर्चा आणि गुण हे सगळं एका जागी ठेवणारी प्रणाली. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नोट्स पाठवता येतात, पण कोणी काय पूर्ण केलं आणि कोण कुठे अडलं याची नोंद तिथे राहत नाही. एलएमएसमध्ये ती राहते.

मूडल ही त्यातली जगभर वापरली जाणारी प्रणाली. ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामास यांनी ती तयार केली आणि तिची १.० आवृत्ती २००२ मध्ये आली. ती मुक्त स्रोत असल्यामुळे कोणतंही कॉलेज परवाना शुल्क न भरता स्वतःच्या सर्व्हरवर ती बसवू शकतं. सर्व्हर आणि देखभालीचा खर्च मात्र येतोच.

नुसती बटणं शिकवून भागत नाही

बऱ्याच कार्यशाळांमध्ये दिवसभर 'इथे क्लिक करा, मग तिथे क्लिक करा' एवढंच चालतं. दुसऱ्या दिवशी शिक्षकांना फाइल अपलोड करता येते, पण कोणती फाइल कशासाठी टाकायची हे ठरवता येत नाही. म्हणून माझ्या मते प्रशिक्षणाचा क्रम असा असावा.

पायरी १: शिक्षकाने आधी विद्यार्थी व्हावं

प्रशिक्षणच मूडलवर घ्या. शिक्षकांनी स्वतः लॉगिन करावं, गृहपाठ जमा करावा, वेळ लावलेली चाचणी द्यावी. गिली सॅमन यांनी २००० साली आलेल्या 'ई-मॉडरेटिंग' या पुस्तकात ऑनलाइन शिकण्याच्या पाच पायऱ्या मांडल्या. त्यात पहिली पायरी प्रवेश आणि प्रेरणेची, दुसरी एकमेकांच्या ओळखीची. माहितीची देवाणघेवाण त्यानंतर तिसऱ्या पायरीवर येते. आपल्याकडे मात्र पहिल्याच दिवशी नोट्स टाकून मोकळे होतात!

पायरी २: एकच घटक पूर्ण तयार करावा

अख्खा अभ्यासक्रम चढवण्याची घाई नको. समजा, भौतिकशास्त्रातला ओहमचा नियम घेतला. तासाभराच्या रेकॉर्डिंगऐवजी सात-आठ मिनिटांचे दोन व्हिडिओ करा. त्यांच्यानंतर पाच प्रश्नांची चाचणी ठेवा आणि चुकलेल्या उत्तराखाली कारण लिहा. मूडलमध्ये प्रत्येक पर्यायाला वेगळा अभिप्राय देता येतो. त्यामुळे मुलाला आपलं चुकलं एवढंच नाही, तर कुठे चुकलं हेही कळतं.

चर्चेसाठी प्रश्नोत्तर प्रकारचा फोरम घ्या. त्यात स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय इतरांची उत्तरं दिसत नाहीत, म्हणजे कॉपी-पेस्टला आळा बसतो.

पायरी ३: सेटिंगचा मुलांवर काय परिणाम होतो ते समजून घ्यावं

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. मूडलच्या गृहपाठात 'ड्यू डेट' आणि 'कट-ऑफ डेट' अशा दोन तारखा असतात. ड्यू डेट उलटली तरी गृहपाठ जमा करता येतो, फक्त उशिराची नोंद होते. कट-ऑफ उलटली की दारच बंद. दोन्ही तारखा एकच ठेवल्या आणि त्या रात्री गावात रेंज गेली, तर अभ्यास पूर्ण करूनही मुलाचा गृहपाठ राहतो. दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवलं की हा प्रश्न सुटतो. एका क्लिकने कोणाचे गुण जाऊ शकतात, हे प्रशिक्षणात स्पष्ट सांगायलाच हवं.

पायरी ४: मोबाईलवर उघडून पाहावं

शिक्षक कोर्स लॅपटॉपवर बनवतात, मुलं तो फोनवर पाहतात. म्हणून धडा तयार झाला की 'स्विच रोल' वापरून विद्यार्थ्याच्या नजरेतून तपासा, मग मोबाईल अ‍ॅपमध्ये उघडा. अक्षरं वाचता येतात का? व्हिडिओ किती एमबीचा आहे? मूडल अ‍ॅपमध्ये बरंचसं साहित्य डाउनलोड करून नेटशिवाय पाहता येतं. ही सोय शिक्षकांना माहीत असली तरच ते मुलांना सांगतील.

पायरी ५: गप्प बसलेल्या मुलाला शोधावं

वर्गात मागच्या बाकावर कोण गप्प आहे ते दिसतं, ऑनलाइन दिसत नाही. पण सहभागींच्या यादीत प्रत्येकाने कोर्स शेवटी कधी उघडला ते कळतं आणि पूर्ततेच्या अहवालात काय राहिलं ते दिसतं. दर आठवड्याला दहा मिनिटं काढून ही यादी पाहायची आणि दहा दिवस न आलेल्याला दोन ओळींचा मेसेज करायचा. एखादा मुलगा अभ्यास सोडणार की परत येणार, हे कधी कधी त्या दोन ओळींवर ठरतं.

शिकायचं कुठे?

- आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मूडलवर मोफत धडे आहेत. व्हिडिओ पाहायचा, थांबवायचा, सोबत स्वतः करायचं, अशी त्यांची पद्धत.
- शालेय शिक्षकांसाठी २०१९ मध्ये 'निष्ठा' हा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. २०२० पासून तो दीक्षा या मंचावर ऑनलाइन आला.
- २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'स्वयम'वर शिक्षकांसाठीही अभ्यासक्रम असतात.
- मूडलची सरावासाठी डेमो साइट आहे. तिथे बिनधास्त बटणं दाबून पाहा. तिथलं सगळं ठरावीक वेळाने आपोआप पुसलं जातं.

मित्रांनो, बटणं दोन दिवसांत येतात. पण पलीकडच्या मुलाच्या फोनवर आपला धडा कसा दिसतो, हे पाहायची सवय लागायला एखादं सत्र जातं. तुमच्या ओळखीचं कोणी ऑनलाइन शिकवत असेल, तर आधी त्यांना त्यांचाच कोर्स तुमच्या फोनवर उघडून दाखवा. सुधारणा कुठे हवी, ते त्यांना लगेच दिसेल.