तोट्याचा मार्ग कोणी तोट्यात घातला?

शहर बससेवेचा विषय निघाला की एक मत हमखास पुढे येतं: गाड्या रिकाम्या धावतात ते मार्ग बंद करा, त्या गाड्या गर्दीच्या मार्गांवर वळवा, तोटा आटोक्यात येईल. मत बिनबुडाचं नाही. गाड्या मोजक्या आहेत, खर्च वाढता आहे, आणि तूट शेवटी करदात्याच्याच खिशातून भरली जाते. पण यात प्रत्येक मार्ग स्वतंत्र दुकान धरलेला आहे, गल्लाही वेगळा. हिशेब तिथेच चुकतो.

सकाळी साडेआठला एखाद्या उपनगरी थांब्यावर उभं राहून पाहावं. स्टेशनची गाडी चाळीस मिनिटांनी एक. डब्याची पिशवी घेतलेली बाई पाच मिनिटं वळणाकडे बघते आणि 'स्टेशन, स्टेशन' ओरडत आलेल्या शेअर रिक्षात बसते. मागून बस येते ती सात-आठ प्रवासी घेऊन. कागदावर नोंद होते: भारमान कमी. फेऱ्या कमी म्हणून प्रवासी गेले, आणि प्रवासी नाहीत म्हणून उरलेल्या फेऱ्याही जाणार! शिवाय ती बाई स्टेशनहून पुढे दुसरी बस धरणारी असेल, तर गर्दीच्या मार्गाचाही प्रवासी तुटला. तिच्या पासाचे पैसे कोणत्या मार्गाच्या खात्यात मांडायचे?

मुंबईत ९ जुलै २०१९ रोजी बेस्टचं किमान भाडं ८ रुपयांवरून ५ रुपये झालं आणि काही महिन्यांतच रोजच्या प्रवाशांत लाखोंची भर पडली. माणसं बसला विटलेली नव्हती, हे तेव्हा सिद्ध झालं. यावर आक्षेप येतो की तिकिटाचं उत्पन्न घटलं. घटलं, हे मान्यच. नुसत्या स्वस्त तिकिटाने भागत नाही, गाडी वेळेवर यावी लागते. दीड दशकापूर्वी बेस्टकडे चार हजारांहून अधिक गाड्या होत्या. आता तीन हजारही नाहीत. आणि मे २०२५ मध्ये किमान भाडं १० रुपये झालं.

गाड्याच नाहीत तर फेऱ्या वाढवायच्या कशा? वेग वाढवून. एका मार्गावर सहा गाड्या आहेत आणि जाऊन-येऊन, टोकावरची विश्रांती धरून, ९६ मिनिटं लागतात असं समजा. थांब्यावर १६ मिनिटांनी गाडी मिळेल. बससाठी मार्गिका राखली, थांब्यापुढच्या रिक्षा हटवल्या आणि तीच फेरी ७२ मिनिटांत झाली, तर त्याच सहा गाड्या १२ मिनिटांनी येतील. नवी गाडी नको, नवा चालक नको.

एकाच रस्त्यावरून अर्ध्या-अर्ध्या तासाने धावणारे दोन मार्ग जोडून पाव तासाचा एक करावा, याला माझी हरकत नाही; त्यात प्रवाशाचं भलंच आहे. पण एखादा मार्ग पुसण्याआधी प्रशासनाने एवढं करावं: तीन महिने त्याच मार्गावर ठरल्या वेळी, दर १२ मिनिटांनी गाडी सोडावी, आणि मग भारमान मोजावं.