विहिरीचं पाणी, बापूकुटी आणि स्वीडनची घरं

राजेहो, मे महिन्यात रात्री अकरा वाजता सावंगीत स्लॅबखाली झोपून पाहा. कूलर लावावा तर लाइन गेलेली. परवा अशाच रात्री आई म्हणाली, "आपलं जुनं घर असं तापत नव्हतं बापा." तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे.

विहिरीवर आंघोळ केलेल्यांना एक गोष्ट ठाऊक आहे. जानेवारीत पाणी कोमट लागतं, मे महिन्यात गार. पाणी फारसं बदलत नाही, आपल्याभोवतीची हवा बदलते. वीसेक फूट खाली जमीन वर्षभर जवळपास एकाच तापमानाला राहते. आपल्याकडे ते २७ अंशांच्या आसपास. वर ४६ असतं तेव्हाही!

थंड देशांत याच जमिनीतून उष्णता ओढून घरं गरम करतात. गंमत म्हणजे ही कल्पना मुळात निघाली उष्ण देशांतल्या खोल्या गार करण्यासाठी. दक्षिण आफ्रिकेत राहून आलेले खगोलशास्त्रज्ञ पियाझी स्मिथ यांनी १८५०च्या सुमारास सुचवलं, की हवा दाबायची, दाबल्याने आलेली उष्णता काढून टाकायची, मग ती हवा खोलीत मोकळी सोडायची. १८५२ मध्ये लॉर्ड केल्व्हिन यांनी हे उलटं करून दाखवलं : अशाच यंत्राने घर गरम केलं तर शेगडीपेक्षा कमी कोळसा लागेल. पण तेव्हा कोळसा स्वस्त होता. १९१२ मध्ये स्वित्झर्लंडचे हाइनरिश झोली यांनी जमिनीतली उष्णता घेण्याचं पेटंट काढलं, तेही पडून राहिलं. १९७३ला तेल महागलं तेव्हा कुठे स्वीडनसारखे देश जागे झाले. आज तिथे घराशेजारी शे-दोनशे मीटर बोअर मारतात, पण पाण्यासाठी नाही. त्यात नळी सोडून द्रव फिरवतात. एक युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता मिळते. तत्त्व आपल्या फ्रिजचंच.

मग सावंगीत का नको? यंत्र उलटं चालवून घर गार होतं, हे खरं. पण खर्च मोठा. शिवाय आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि कोरडी माती उष्णता नीट नेत नाही, म्हणजे खाली काळ्या दगडापर्यंत जावं लागेल. आणि महिनोनमहिने जमिनीत उष्णता ढकलायची, तर ती काढून घ्यायला स्वीडनसारखा हिवाळा आपल्याकडे कुठे आहे?

१९३६ मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. मीराबहेनांनी उभारलेली बापूकुटी आजही भर दुपारी जाऊन पाहा. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू, उन्हाला अडवणारी पडवी. सारवलेली भुई थेट जमिनीला टेकलेली, अन् त्या जमिनीवर वर्षानुवर्षं ऊन पडलेलं नाही. यंत्र नाही, बिल नाही.

आमचं जुनं घरही असंच होतं. त्याचे लाड मी करणार नाही. दरवर्षी कवेलू फेरावे लागत, माकडं ते फोडत, वाळवी वेगळीच. १९९० मध्ये मेडिकल कॉलेज आलं, गाव वाढलं, खोल्या भाड्याने जाऊ लागल्या, तसे सगळेच स्लॅबकडे वळले. आम्हीही. पण घर बांधताना पश्चिमेला पडवी सोडायला किती पैसे लागले असते? चार निंब ठेवायला? मिस्त्रीने विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.

अंगणातली विहीर तर गाड्या ठेवायला जागा हवी म्हणून आम्हीच बुजवली. आता तिथे सिमेंटचे गट्टू आहेत. दुपारी त्यांवर अनवाणी पाय ठेवता येत नाही.