चुकीच्या विमानतळावरील अवतरण : जुहू व सांताक्रूझ यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
विमानवाहतुकीच्या इतिहासात अपघातांचा अभ्यास विपुल प्रमाणात झालेला आहे. त्या तुलनेत नियोजित विमानतळाऐवजी शेजारच्याच एखाद्या विमानतळावर विमान उतरविले गेल्याच्या घटनांकडे बहुधा गंमत म्हणून पाहिले जाते व वैमानिकाच्या बेफिकिरीवर बोट ठेवून विषय संपविला जातो. वस्तुतः अशा चुकीमागे वैमानिकाइतकाच त्या शहराच्या विमानतळांचा इतिहासही उभा असतो. मुंबईच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होते.

दोन विमानतळ, एकच वारा :
मुंबईतील जुहूचा विमानतळ १९२८ मध्ये सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूलाच उतरले. मात्र समुद्रालगतची ही सखल जागा पावसाळ्यात निरुपयोगी ठरत असे. शिवाय मोठ्या विमानांना लागणारी लांबीही तेथे नव्हती. सांताक्रूझ येथील लष्करी विमानतळ स्वातंत्र्यानंतर नागरी वापरात आला आणि नियमित प्रवासी वाहतूक तेथे गेली. जुहू मात्र बंद झाले नाही. लहान विमाने व पुढे हेलिकॉप्टर यांसाठी ते वापरात राहिले.

या दोन विमानतळांमधील अंतर जेमतेम तीन-चार किलोमीटर आहे. विमान वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उतरविणे इष्ट असल्याने धावपट्टीची दिशा प्रामुख्याने वारा ठरवितो. मुंबईचा वारा दोन्ही ठिकाणी सारखाच असल्याने दोन्ही धावपट्ट्या जवळजवळ पूर्व-पश्चिम आहेत. धावपट्टीचा क्रमांक हा तिच्या चुंबकीय दिशेच्या अंशांतील शेवटचे शून्य गाळून मिळतो. जुहूची धावपट्टी ०८-२६, तर सांताक्रूझची मुख्य धावपट्टी ०९-२७ आहे. म्हणजे दोहोंच्या दिशेत सुमारे दहा अंशांचाच फरक आहे. लांबीतील फरक मात्र मोठा आहे. जुहूची धावपट्टी सुमारे १,१४० मीटर, तर सांताक्रूझची आज सुमारे ३,४५० मीटर आहे. त्यातच समुद्राच्या बाजूने येणाऱ्या वैमानिकाला प्रथम जुहूच लागते.

१९५३ व १९७२ :
१५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनचे कॉमेट विमान सांताक्रूझऐवजी जुहूला उतरले. कॉमेट हे प्रवासी सेवेत आलेले जगातील पहिले जेट विमान असून त्याची नियमित सेवा सुरू होऊन जेमतेम वर्ष लोटले होते. सुमारे नऊ दिवसांनी ते तेथून उडवून नेण्यात आले. त्यानंतर एकोणीस वर्षांनी, २४ सप्टेंबर १९७२ रोजी, जपान एअर लाइन्सचे डीसी-८ विमान सकाळी जुहूच्याच धावपट्टीवर उतरले. या वेळी धावपट्टी अपुरी पडली व विमान तिच्या टोकापलीकडे गेले. काही जण जखमी झाले. प्राणहानी मात्र टळली. विमान दुरुस्तीपलीकडे गेले. कंपनी वेगळी, वैमानिक वेगळे, विमान वेगळे. परंतु स्थळ तेच. दोष केवळ व्यक्तीचा मानल्यास या पुनरावृत्तीचा उलगडा होत नाही.

अन्यत्रची उदाहरणे :
दुसऱ्या महायुद्धानंतर हीथ्रोची उभारणी चालू असताना लंडनच्या नागरी वाहतुकीचा मोठा भार नॉर्थोल्टच्या लष्करी विमानतळाने वाहिला. १९५४ मध्ये ती वाहतूक हीथ्रोला गेली. नॉर्थोल्ट मात्र कायम राहिले. २५ ऑक्टोबर १९६० रोजी हीथ्रोला जाणारे पॅन अमेरिकन कंपनीचे बोइंग ७०७ नॉर्थोल्टला उतरले. वैमानिकांची दिशाभूल होऊ नये म्हणून मार्गावरील गॅसच्या प्रचंड टाक्यांवर अक्षरे रंगविण्यात आली होती : साउथॉल येथे हीथ्रोसाठी ‘एलएच’ आणि साउथ हॅरो येथे नॉर्थोल्टसाठी ‘एनओ’. चूक व्यक्तीची असली तरी तिचे कारण जागेत आहे, याची ही एक प्रकारे कबुलीच होती.

अमेरिकेतील ब्रॅन्सन येथे नवा विमानतळ २००९ मध्ये सुरू झाला. १२ जानेवारी २०१४ च्या रात्री साउथवेस्ट कंपनीचे बोइंग ७३७ त्याऐवजी जवळच्या जुन्या, लहान विमानतळावर उतरले. तेथील धावपट्टीची लांबीही जुहूइतकीच, सुमारे १,१४० मीटर होती. विमान टोकापूर्वी थोड्याच अंतरावर थांबले. उपग्रहाधारित मार्गदर्शन उपलब्ध असूनही समोर दिसलेल्या दिव्यांवर वैमानिकांनी विश्वास ठेवला होता.

निष्कर्ष :
वरील चारही घटनांत जुना व नवा विमानतळ शेजारी नांदत होते. अपेक्षित दिशेला धावपट्टी दिसताच मन तिलाच आपली मानते आणि उपकरणांकडील लक्ष कमी होते, ही मानवी प्रवृत्ती होय. उपकरणांशी ताडून पाहण्याच्या जबाबदारीतून वैमानिक मुक्त होत नाही. तथापि दोषारोप तेथेच थांबल्यास पुढील वैमानिकासाठी तोच सापळा कायम राहतो. आज नव्या विमानतळांची उभारणी होत असताना जुन्या धावपट्टीचे अस्तित्व, तिची दिशा व तिची ओळख यांचा विचार नियोजनातच होणे अगत्याचे आहे. १९५३ चा धडा दुर्लक्षिला गेला, तर १९७२ घडते, हे जुहूच्या इतिहासातून दिसून येते.